कांबळ्यांचा डबा आणि पॅसिफिक महासागर

निवृत्त मास्तरणीला लोक विचारतात, "काय शिकवायचात?" आणि उत्तर यायच्या आतच "गणित ना?" असं स्वतःच म्हणून मोकळे होतात. माझ्या चेहऱ्यावर गणित लिहिलेलं असावं. मी "साहित्य" म्हटलं की समोरचा चेहरा थोडा पडतो. "कुठलं साहित्य?" असं कुणी पुढे विचारलंच तर मी खरं ते सांगते, "जपान, चीन, कोरिया आणि पॅसिफिक महासागरातली बेटं." मग हमखास एक प्रश्न येतो, "कुठे, भाईंदरला?"

हो, भाईंदरला. तेही पूर्वेला. इंद्रलोक वसाहतीच्या पुढे एक शाळा आहे, तिच्या वरच्या मजल्यावर. वर्गाच्या खिडकीतून गच्च्यांवरच्या पाण्याच्या टाक्या दिसायच्या आणि त्यांच्या पलीकडे आणखी टाक्या. त्या टाक्यांकडे बघत मी मुलांना पॅसिफिकची निळाई समजावून सांगितली आहे. एरवी माझी समुद्राची ओळख जवळच्या उत्तनच्या किनाऱ्यापर्यंतची. परदेश म्हणाल तर एकदा काठमांडूला गेले होते, आणि तिथेही हॉटेलच्या जिन्यात आमच्या रत्नागिरीचेच एक जण भेटले.

हा विषय माझ्या गळ्यात पडला त्याची गोष्ट सरळ आहे. आजूबाजूच्या शाळांनी अकरावी-बारावीला परदेशी बोर्ड घेतलं, म्हणून आमच्याही शाळेने घेतलं. त्या बोर्डाबरोबर 'जागतिक साहित्य' नावाचा विषय आला. जगातला कुठलाही एक भाग निवडायची शाळेला मुभा होती. ट्रस्टींनी बराच विचार केल्यासारखं दाखवलं आणि पूर्व आशिया व पॅसिफिक निवडला. खरं कारण मला नंतर कळलं. पुस्तकवाल्याकडे त्याच भागाचे संच पडून होते.

मग प्रिन्सिपल मिसेस डिमेलोंनी मला बोलावलं. आयुष्यभर मी इंग्रजी शिकवलेलं. कर्तरीचं कर्मणी करण्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं.

"परब, तू वाचतेस ना?" त्यांनी विचारलं.

"वाचते."

"मग झालं तर."

अशी माझी नेमणूक झाली. घरी आमच्या ह्यांना सांगितलं, तर ते पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "चिनी मालाची गॅरंटी नसते, जपून."

हा विषय घेणारी मुलं तीन प्रकारची असत. अर्थशास्त्र न झेपलेली, कोरियन सिरियली फारच झेपलेली आणि वेळापत्रकात दुसरं काही न बसलेली. पहिल्या दिवशी इंद्रलोकच्या ध्रुव शाहने हात वर केला. मला वाटलं, अरे वा, पहिलाच प्रश्न. तो म्हणाला, "मॅडम, इसमें नूडल्स आएगा क्या?"

"परीक्षेत नाही येणार," मी म्हटलं.

"फिर ठीक है," म्हणून तो खाली बसला. ध्रुव वर्षभर असाच होता. वर्गात त्याच्या तोंडाची टकळी बंद झाली की मला काळजी वाटायची, बरं वाटत नाहीये की काय.

बाहेरच्यांना वाटतं, साहित्य शिकवणं म्हणजे पुस्तक वाचून दाखवायचं आणि 'यातून काय बोध मिळतो' ते लिहून द्यायचं. आमच्याकडे तसं नव्हतं. गोष्ट मुळात जपानी. तिचं इंग्रजी भाषांतर पुस्तकात. मी ती अर्धी इंग्रजीत आणि अर्धी हिंदीत समजावणार. मुलं आपसात तिच्यावर जी भाषा बोलणार तिला नाव नाही, पण मिरा रोडपासून भाईंदरपर्यंत ती सगळ्यांना कळते. कुठल्याशा जपानी लेखकाने मोठ्या कष्टाने काढलेला उसासा आमच्यापर्यंत "अब क्या बोलने का" होऊन पोचायचा. मला सुरुवातीला याची लाज वाटे. पुढे वाटायला लागलं, पोचतोय ना, मग पुरे.

आणि या विषयात एक तोंडी परीक्षा असे. ती नीट सांगायला हवी, कारण पुढे तिच्यावाचून काही कळणार नाही. मुलाला पुस्तकातलं एक पान मिळतं. त्यावर त्याने बोलायचं, ते रेकॉर्ड होतं आणि तपासायला परदेशी जातं. शिक्षक समोर बसतो, पण त्याने काही सांगायचं नाही. चूक सुधारायची नाही. मान डोलवायची नाही. फक्त प्रश्न विचारायचा, तोही असा की त्यात उत्तर लपलेलं नसेल. मग मूल कितीही वेळ गप्प बसलं तरी आपण थांबायचं. उत्तर माहीत असताना गप्प बसायचं म्हणजे मास्तरणीला पोटशूळच. मी ते फार मेहनतीने शिकले. माझा एक ठरलेला प्रश्न होता. मूल अडकलं की मी विचारायची, "गोष्टीत काय सांगितलेलं नाही?"

ध्रुवची गंमत अशी, की एरवी अखंड बोलणारा हा मुलगा रेकॉर्डर सुरू झाला की मुका. सरावाला बसवलं की "धिस स्टोरी इज अबाउट..." इथपर्यंत यायचा, घाम पुसायचा आणि म्हणायचा, "मॅडम, बंद करो ना, प्लीज." कितीदा बसवला, पण गाडी तिथेच अडायची. हा नापास होणार, हे मी मनात धरूनच चालले होते.

पहिली गोष्ट आम्ही वाचली ती जपानची. एक नवरा-बायको जेवायला बसतात. काही बोलत नाहीत. तो वाटी पुढे करतो, ती वाढते. पाऊस थांबतो. संपली गोष्ट.

वर्गात हाहाकार उडाला. "और? आगे?" "मॅडम, पान गळालंय का?" ध्रुव म्हणाला, "पैसा वापस." मी एवढी तयारी करून गेले होते. मौनाचं सौंदर्य वगैरे. ज्या मुलांच्या घरी शेजारच्या बिल्डिंगला ऐकू जाईल अशा आवाजात "जेवायला चला" म्हणतात, त्यांना मौनाचं सौंदर्य काय सांगणार?

तेव्हा मागच्या बाकावरून सिद्धार्थ कांबळे बोलला. भाईंदरच्याच गोडदेव वस्तीतला मुलगा, फीची सवलत घेऊन शिकणारा, स्वतःहून सहसा न बोलणारा. म्हणाला, "मॅडम, त्यांचं भांडण झालेलं आणि आत्ता मिटलं. आमच्याकडे पप्पा बोलत नसले ना, की मम्मी त्यांना म्हणते, जरा भाजीतलं मीठ बघा. पप्पांनी मीठ बघितलं की मिटलं."

मग प्रत्येकाला आपापल्या घरातलं मीठ आठवायला लागलं. कुणाकडे टीव्हीचा रिमोट हातात देतात, कुणाकडे चहात आलं जास्त घालतात. तासभर जपान राहिला बाजूला, पण ती गोष्ट मुलांना जशी कळली तशी मी शंभर नोट्स देऊनही कळली नसती. मी मात्र घरी जाऊन ह्यांना उगाचच भाजीतलं मीठ बघायला सांगितलं. ते म्हणाले, "का, तुझ्या जिभेला काय झालं?"

त्यानंतर तीन-तीन ओळींच्या कविता झाल्या. मुलांना म्हटलं, खिडकीतून बघा आणि लिहा. चेरीची फुलं कुठून आणणार? सिद्धार्थने लिहिलं:

टँकर आला
बादल्यांना आधी कळतं
मग माणसांना

मी ती फळ्यावर लिहून ठेवली. संध्याकाळी झाडूवाल्या बाईंनी बाकीचा फळा पुसला, तेवढ्या ओळी ठेवल्या. का ठेवल्या ते मी विचारलं नाही. तेव्हा आमच्याकडे टँकरचेच दिवस होते.

आणि मग आली ती बेटावरची गोष्ट.

पॅसिफिकमधलं एक लहान बेट. तिथली रीत अशी, की पाहुण्याने घरातल्या एखाद्या वस्तूची तारीफ केली, तर ती वस्तू त्याला द्यायची. एक म्हातारी मुलीच्या लग्नासाठी कितीतरी वर्षं एक चटई विणतेय. दुसऱ्या बेटावरून एक साहेब येतो. त्याला रीत माहीत नसते. तो म्हणतो, "काय सुंदर चटई आहे." म्हातारी उठते, चटई गुंडाळते आणि त्याच्या हातात देते. पुढच्या पानावर तो साहेब शहरातल्या आपल्या घरात आहे. चटई अंथरलेली आहे. पण त्याला काही केल्या तिच्यावर पाय ठेवता येत नाही. संपली गोष्ट.

"मॅडम, ये तो लीगल चोरी है," ध्रुव म्हणाला आणि वर्ग खिदळला.

तेव्हा तन्वी पाटील उठली. राईगावची. तिच्या वडिलांची होडी आहे. बाकीच्या वेळी ती शहरातल्या मुलींसारखी बोलायची, पण चिडली की घरची बोली बाहेर पडायची. "हसताय काय? आमच्यात हायच की असं. होडी लागली का काठावर कोनतरी उभा असतो. तो मागत न्हाय काय. नुसता बोलतो, मावरं बरं आलंय रं. पप्पा टोपलीतनं उचलतात नि देतात. मासळी काय परत मिलंल. न्हाय दिली तर गावात तोंड दाखवाया नको?"

मी माझा ठेवणीतला प्रश्न काढला. "बरं, या गोष्टीत काय सांगितलेलं नाही?" कुणालाच सांगता येईना. ध्रुव म्हणाला, "चटई का दाम." तास संपला.

पुढचे काही दिवस आमच्या वर्गात जे झालं, ते कुठल्याही शिक्षणशास्त्राच्या पुस्तकात सापडणार नाही. मुलांनी ती रीत लागू केली. मधल्या सुट्टीत डब्यांवर धाड पडायला लागली. कुणी "काय मस्त थेपला आहे" म्हटलं की थेपला गेला. तन्वीने सुकटीची चटणी आणली, तेव्हा शाकाहारी मंडळींना जन्मात पहिल्यांदा तोंड बंद ठेवायचं महत्त्व कळलं. माझं पेन गेलं. माझी छत्री गेली. एक दिवस मी भरली वांगी आणली होती. ध्रुव माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला, डोळे मिटले आणि म्हणाला, "मॅडम, वास काय सुरेख येतोय!" ध्रुव शाह जन्मात बोललेलं ते पहिलं शुद्ध मराठी वाक्य. वांगी गेली. खरं सांगू? मला फार मजा येत होती. एवढी वर्षं मी मुलांना धडे पाठ करताना पाहिलं होतं, धडा अंगात शिरलेला पहिल्यांदाच पाहत होते.

तो कुठवर शिरला होता ते मला एका सकाळी कळलं. मिसेस डिमेलोंनी केबिनमध्ये बोलावलं. समोर ध्रुवची आई, हेतलबेन, लालबुंद होऊन बसली होती. ध्रुवचे हेडफोन गेले होते. साधे नव्हेत, मामाने बाहेरून आणलेले. त्याला घरी विचारलं तर म्हणाला, कोई ले गया. आणि शिकवणीला जाताना हेतलबेनच्या भाचीने ते सिद्धार्थच्या बॅगेत पाहिले होते.

"मैं किसी का नाम नहीं लेती, मॅडम," हेतलबेन म्हणाली आणि लगेच नाव घेतलं. "पर वो गोडदेववाला लडका है ना, कांबळे. ऐसे बच्चों को रियायत में रखोगे तो यही होगा ना?"

'ऐसे बच्चों को' म्हणजे कुणाला, हे तिने सांगितलं नाही आणि मलाही विचारायची गरज पडली नाही. माझं डोकं फिरलं. वर्गात एवढी मुलं, एवढ्या बॅगा. आडनाव मात्र एकच तोंडावर आलं. मी म्हटलं, "मॅडम, मी त्या मुलाला ओळखते." मिसेस डिमेलो म्हणाल्या, "परब, ओळखण्याचा प्रश्न नाही. मला शाळेत तमाशा नको." त्यांनी मार्ग काढून ठेवला होता. सिद्धार्थने लिहून द्यायचं की मी घेतले, माफ करा. मग त्याचं नाव गुपचूप काढून दाखला हातात. तोंडी परीक्षा तोंडावर आली होती. दाखला घेऊन तो कुठे जाणार? त्या बोर्डाची, सवलत देणारी दुसरी शाळा आसपास नव्हती. दोन वर्षं पाण्यात जाणार होती, आणि चोर म्हणून जाणार होती.

मी सिद्धार्थला जिन्यात गाठलं. तो भिंतीला टेकून उभा होता.

"काय रे झालं?"

"मॅडम, मी घेतले नाहीत. मी नुसतं म्हटलं, भारी आहेत रे. म्हणजे मी विसरलोच ते बेटाचं. त्याने गळ्यातून काढले नि माझ्या गळ्यात घातले. बोलला, अब तेरा. मी दुसऱ्या दिवशी परत आणले. तो घेईना. बोलला, स्टोरी में वापस नहीं देते. मी रोज आणतोय, मॅडम. तो रोज पळून जातो."

आता माझी ट्यूब पेटली. ध्रुवने दिले होते, मोठ्या दिमाखात दिले होते. आणि घरी आईने डोळे वटारल्यावर घाबरून म्हणाला होता, कोई ले गया. मी ध्रुवला शोधलं. तो मला बघून जो सटकला तो थेट दुसऱ्या दिवशी दुपारच्या बैठकीलाच दिसला, आईच्या खुर्चीमागे, बुटांकडे बघत.

मी आधीच सगळं सांगून टाकू शकत होते. पण माझ्या सांगण्याला काय किंमत? बाई आपल्या लाडक्या मुलाची बाजू घेते, एवढंच झालं असतं. सिद्धार्थचं नाव धुवायचं तर ते ध्रुवच्याच तोंडून धुवायला हवं होतं. आणि हा तोच मुलगा, ज्याला 'धिस स्टोरी इज अबाउट'च्या पुढचा शब्द फुटत नव्हता.

सिद्धार्थची आई ड्युटीवरून तशीच आली. मिरा रोडच्या एका दवाखान्यात त्या नर्स आहेत. पांढऱ्या ड्रेसवर स्वेटर, खांद्याला कापडी पिशवी. माणसं मूळची नांदेडकडची. नमस्कार करून बसल्या आणि पिशवीतून एक स्वच्छ नॅपकिन काढला. त्यात हेडफोन होते. ते त्यांनी हेतलबेनपुढे ठेवले. मग एक स्टीलचा डबा काढला, तोही शेजारी ठेवला. डब्यावर नाव कोरलेलं, सौ. सविता कांबळे.

"हे तुमचे. पुसून आणलेत. आणि हे रव्याचे लाडू."

हेतलबेन गोंधळली. "लड्डू किसलिए?"

"कुणाची वस्तू परत करायची तर नुसती कशी करणार? आमच्यात रिकामं काही परत देत नाहीत." त्यांचा आवाज अगदी सरळ होता. "आणि ताई, माझ्या लेकरानं चोरी केली असती, तर मी लाडू करत बसले नसते. कानाला धरून आणला असता त्याला."

मिसेस डिमेलोंनी घसा साफ केला आणि कोरा कागद सिद्धार्थपुढे सरकवला. "बेटा, दोन ओळी लिही. विषय संपला." सिद्धार्थने पेन उचललं नाही. त्याच्या आईने कागदाकडे बघितलंसुद्धा नाही.

मी म्हटलं, "मॅडम, परीक्षा जवळ आलीय. मला ध्रुवला एक प्रश्न विचारायचाय." मिसेस डिमेलोंना वाटलं, या बाईचं डोकं फिरलं. पण त्या काही बोलायच्या आत मी विचारलं, "ध्रुव, चटईच्या गोष्टीत काय सांगितलेलं नाही?"

ध्रुव गप्प.

आणि मी थांबले. सरावात रेकॉर्डरपुढे थांबायला शिकले होते, ते सगळं तिथे पणाला लावलं. मला आतून ओरडायचं होतं, बोल रे गाढवा, बोल. तोंड घट्ट मिटून बसले. हेतलबेन म्हणाली, "ये क्या चल रहा है?" मी हाताने तिला थांबवलं. ध्रुवच्या कपाळावर तोच घाम आला. त्याने एकदा सिद्धार्थकडे बघितलं, एकदा त्या डब्याकडे.

"उसमें ये नहीं बताया," तो हळू म्हणाला, "कि वो बुढिया ने बाद में बेटी को क्या बोला."

मी मान डोलवली नाही. नियम म्हणजे नियम.

"देना तो आसान है, मॅडम. सब लोग देखते हैं. बाद में घर पे बोलना पडता है ना." तो आईकडे वळला. "मम्मी, सिद ने नहीं लिया. मैंने दिया. उसने खाली बोला भारी है. मेरे को हीरो बनना था. फिर तू चिल्लाई तो मैं बोल दिया कोई ले गया. वो रोज वापस लाता था. उसने एक गाना भी नहीं सुना उसमें. पूछ उसको. वो चटईवाले साहब जैसा. पाँव ही नहीं रखा."

आणि तो रडायला लागला. एवढा वाढलेला घोडा, नाक ओढत. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, ते मी चष्मा पुसायचं निमित्त करून पुसलं. सांगायला लाज कसली, त्या क्षणी मला त्याचा इतका अभिमान वाटला, जितका मला माझ्या बोर्डात आलेल्या मुलांचाही कधी वाटला नव्हता. जे उत्तर वर्गात कुणाला आलं नाही, ते या मठ्ठाला आलं. आणि रेकॉर्डर बंद असताना आलं, हे माझं नशीब.

हेतलबेनचा चेहरा दोन-तीनदा बदलला. मुलाच्या पाठीत एक धपाटा घातला. मग सिद्धार्थकडे वळून म्हणाली, "बेटा, मैंने गलत बोला. बहुत गलत." सिद्धार्थच्या आईकडे मात्र तिला बघवेना. मग काहीतरी करायचं म्हणून तिने डबा उघडला आणि एक लाडू तोंडात टाकला. माणूस ओशाळला की खातो. खाता खाता, नकळत, अगदी मनापासून ती म्हणाली, "अरे वा, बहुत अच्छे बने हैं."

ध्रुवने नाक पुसलं. "मम्मी! अब डब्बा अपना."

सिद्धार्थ हसला. मग मी हसले. मिसेस डिमेलोंनी गोष्ट वाचलेली नव्हती, पण त्यांनीही हात पुढे करून एक लाडू घेतला आणि कोरा कागद खणात परत ठेवला. मी तिघींना त्या बेटाची रीत समजावून सांगितली, तेव्हा कांबळेताईंनी डबा हेतलबेनच्या मांडीवरच सारला. "घ्या की. रीत आहे तर आहे."

हेडफोन शेवटी सिद्धार्थकडेच गेले. हेतलबेननेच ते त्याच्या गळ्यात घातले.

पुढचं थोडक्यात. ध्रुवची तोंडी परीक्षा झाली. पान निघालं जपानच्या जेवणाच्या गोष्टीचं, आणि हा असा बोलत सुटला, की वेळ संपल्याचं सांगायला मला टेबलावर पेन्सिल आपटावी लागली. त्यात भाजीतलं मीठ होतं. परदेशातल्या तपासनिसाला ते काय कळलं असेल देव जाणे, पण मार्क बरे दिले त्याने. सिद्धार्थला उत्तम मिळाले. आता दोघेही इंजिनिअरिंग करतायत, म्हणजे साहित्याचा तसा उपयोग काही झाला नाही. तन्वी कायदा शिकतेय. तिच्याशी वाद घालायला कोर्टात कोण उभं राहील, मला चिंताच आहे.

आणि विषय बंद झाला. पालकसभेत एकाने उठून विचारलं, "जापान का पढके बच्चा भाईंदर में क्या करेगा?" याचं उत्तर माझ्याकडे होतं, पण ते एका वाक्यात मावणारं नव्हतं. ट्रस्टींना एका वाक्यातली उत्तरं आवडतात. त्या जागी 'बिझनेस मॅनेजमेंट' आलं. माझे संच जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेतल्या कपाटात, बेडकांच्या बरण्यांखाली गेले. मी निवृत्त झाले त्या दिवशी त्यांना बघून आले. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. वरच्या बेडकालासुद्धा मी माफ केलेलं नाही.

हा लेख लिहायला बसायचं ठरवलं त्याच दिवशी गोडदेव नाक्यावर भाजी घेताना हेतलबेन भेटली. हातात पिशवी, आणि पिशवीतून डोकावणारा स्टीलचा डबा. मी वाकून बघितलं. सौ. सविता कांबळे.

"अजून?" मी विचारलं.

"क्या करूँ, मॅडम," ती म्हणाली. "वो लड्डू का डब्बा मैंने वापस किया तो खाली थोडी करती? हांडवो डाला. उन्होंने वापस भेजा तो उसमें शेंगा चटणी. फिर मेरे को फिर भरना पडा. बंद ही नहीं होता. आज भी उनके घर ही जा रही हूँ. बच्चे तो हॉस्टेल में हैं, हम दोनों का चालू है."

डब्यातून हांडवोवरच्या, म्हणजे त्या गुजराती तिखट केकवरच्या, ताज्या फोडणीचा वास येत होता. मी या बाईला ओळखत होते. त्या गोष्टीतली रीत तिला पाठ होती. आणि ती गोष्ट मीच शिकवली होती, त्यामुळे काय होणार हे मला नीट माहीत होतं. तरी डोळे मिटून मी म्हटलंच, "वास काय सुरेख येतोय!"

हेतलबेनने माझ्याकडे बघितलं. मग हसत पिशवीतून डबा काढला आणि माझ्या हातात ठेवला.

तो आता माझ्या ओट्यावर आहे, घासून पुसून. हांडवो संपला, आमच्या ह्यांनी कधी नव्हे ते मागून घेतला. आज मी चकल्या तळल्यात. उद्या गोडदेवला कांबळेताईंकडे जाऊन डबा द्यायचाय, भरून.